डबा: बालन्यूमोनियाचा एक मराठी इतिहास

गोदाकाठच्या पैठणपासून गडचिरोलीच्या जंगलापर्यंत मराठी मुलुखात लहान मुलांच्या न्यूमोनियाला ‘डबा’ म्हणत, आणि दर श्वासाला पोट उडते, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो, हे या रोगाचे मुख्य लक्षण लोकांनी अचूक टिपले होते; मात्र त्यावर पोटाला डागण्या देण्याची रूढी तान्ह्या जिवांना क्लेशच देत राहिली.

न्यूमोकोकस हा या रोगाचा एक प्रमुख जिवाणू. त्याच्याभोवती बहुशर्करेचे, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्यांचे, कवच असते. दोन वर्षांखालील मुलाच्या अपक्व बी-पेशी (प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंना चिकटणारी प्रथिने, घडवणाऱ्या पेशी) निव्वळ या कवचाला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत आणि आईकडून आलेली प्रतिपिंडेही काही महिन्यांत ओसरतात, त्यामुळे नेमक्या या वयात मूल उघडे पडते. कवचाची शर्करा प्रथिनाला जोडली की टी-पेशी बी-पेशींच्या मदतीला येतात आणि रोगाची स्मृती टिकते. संयुग्म लशीचे तत्त्व हेच.

लस येण्याआधी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावकऱ्यांनाच श्वास मोजून प्रतिजैविक देण्यास शिकवले. या प्रयोगाचे 1990मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बालमृत्यू घटल्याचे दाखवतात, आणि महाराष्ट्राच्या आरोग्य-इतिहासात त्याचे मोल फार मोठे आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘न्यूमोसिल’ ही न्यूमोकोकसविरुद्धची संयुग्म लस 2020मध्ये आली. 2021मध्ये न्यूमोकोकल लसीकरण देशभर विस्तारले. सहा आणि चौदा आठवड्यांनी प्रत्येकी एक मात्रा व नवव्या महिन्यात वर्धक मात्रा, असे त्याचे वेळापत्रक आहे.