सेनापति परशुरामभाऊ पटवर्धन

रत्नागिरीच्या उत्तरेस कोतवडें हें गांव आहे. येथील हरभट पटवर्धन हे इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्याय झाले आणि त्यांच्या मुलांपैकीं कित्येकांनीं पळी-पंचपात्री ठेवून तरवार धरली. तासगांवचे परशुरामभाऊ हे या हरभटांचे नातू.

भाऊंचा खरा गुण चिकाटी हा होय. १७९० सालीं मराठे, निजाम व इंग्रज या तिघांनीं टिपूवर मोहीम काढली, तेव्हां भाऊंनीं धारवाडास वेढा दिला. किल्लेदार बद्रुज्जमानखान मोठा कसलेला होता. मराठ्यांच्या तोफा जुन्या. एक बार निघाला कीं गोलंदाज गप्पा मारीत, धूम्रपान करीत बसत व अर्ध्या तासानें दुसरा बार काढीत, अशी थट्टा मूर नांवाच्या एका इंग्रज अधिकाऱ्यानें करून ठेविली आहे. थट्टा खोटी नव्हे. परंतु अशा तोफा असूनहि भाऊंनीं साडेसहा महिने वेढा उठविला नाहीं आणि १७९१ च्या एप्रिलांत किल्ला घेतला, हेंहि तितकेंच खरें.

१७९५ च्या मार्चांत खर्ड्यास निजामाविरुद्ध जमलेल्या मराठी फौजांचें आधिपत्य भाऊंकडे आलें. टेहळणीस गेले असतां लालखान पठाणानें त्यांस जखमी केलें. त्यांच्या पुत्रानें लालखानास तेथेंच ठार मारिलें. निजाम हरला.

त्याच वर्षीं सवाई माधवराव वारले व गादीचा तंटा उभा राहिला. येथें भाऊंचा पाय घसरला. शिंद्यांचे कारभारी बाळोबा तात्या यांच्याशीं संधान बांधून, नाना फडणिसांस बाजूस सारून, त्यांनीं १७९६ मध्यें चिमाजीअप्पांस पेशवाईचीं वस्त्रें देवविलीं. नानांनीं महाडास बसून सूत्रें हलविलीं, कोल्हापूरकरांस पटवर्धनांच्या मुलुखावर उठविलें. डाव उलटून भाऊ कैदेंत पडले.

१७९८ सालीं सुटका झाली ती पुन्हां लढण्यासाठींच. कोल्हापूरकरांशीं लढतांना १७९९ च्या सप्टेंबरांत पट्टणकुडीस, साठीच्या घरांत, भाऊ रणांत पडले.

टिपूच्या किल्लेदारास व निजामास ज्यानें नमविलें, तो वीर अखेर मराठ्यांच्याच हातून पडला. सहा महिन्यांत नानाहि गेले आणि १८०२ मध्यें बाजीरावानें वसईस इंग्रजांशीं तह केला. रणांत मिळविलेलें दरबारांत घालविलें, हा दोष एकट्या भाऊंचा नव्हे. पण त्यांच्या चरित्रांत तो लख्ख दिसतो.