डेक, घराचा लाकडी : पुनर्बांधणी

उत्तर अमेरिकेत घराला, बहुधा परसदाराच्या बाजूने, जोडलेला आणि जमिनीपासून उचललेला उघडा लाकडी ओटा जुना झाल्यावर अंशतः किंवा मुळापासून नव्याने उभारण्याचे काम.

इतिहास : विसाव्या शतकाच्या मध्यास कॅलिफोर्नियातील रेडवुडच्या डेकांमुळे हा प्रकार रुळला. सोनोमा येथील डॉनेल उद्यानात (१९४८) उद्यानरचनाकार टॉमस चर्च यांनी उभ्या ओकवृक्षांभोवती फळ्या कापून डेक बसवला.

लाकूड व रक्षणद्रव्ये : लाकडातील पाण्याचा अंश २० टक्क्यांच्या खाली राहिल्यास कूज धरत नाही, पण उघड्यावर हे साधत नाही. रेडवुड व सीडर यांचे गाभ्याचे लाकूड निसर्गतः टिकते, पण महाग पडते. त्यामुळे दाबाखाली रसायन भरलेले सदर्न पाइन मोठ्या प्रमाणावर चालू झाले. हे रसायन म्हणजे तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे मिश्रण (सीसीए). ते १९३३ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोन्ती कामेशम यांनी शोधले. अमेरिकी डेकांवरील लेखनात या भारतीय रसायनज्ञाचा उल्लेख क्वचितच आढळतो, म्हणून येथे मुद्दाम केला आहे.

निवासी वापरासाठी असे लाकूड तयार करणे अमेरिकी उत्पादकांनी २००३ अखेर स्वेच्छेने थांबवले. आर्सेनिक पाझरून अपाय किती होतो याविषयी मतभेद आहेत. जुने डेक पाडण्याचा आदेश मात्र पर्यावरण संरक्षण संस्थेने दिला नाही. त्या सुमाराचा किंवा आधीचा हिरवट पाइनचा डेक उकलताना त्यात आर्सेनिक आहे असे धरूनच चालावे. मुखपट्टी बांधावी, भुसा गोळा करावा आणि लाकूड कदापि जाळू नये. आर्सेनिक धुरात व राखेत उतरते.

आर्सेनिकाच्या जागी आलेल्या एसीक्यू व कॉपर अझोल या द्रव्यांत तांबे अधिक असते आणि ते साध्या जस्तलेपित खिळ्यांना लवकर खाते. नव्या लाकडाला जुने लोखंडी कोन व पट्ट्या लावू नयेत. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले किंवा स्टेनलेस पोलादाचे सामान वापरावे. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा या लाकडाला थेट भिडू देऊ नये. कापलेल्या टोकांना कॉपर नॅप्थेनेट लावतात. ही टोके कोरी ठेवणे हा हलगर्जीपणाच होय.

सांगाडा : वरच्या फळ्यांची दुरवस्था डोळ्यांना दिसते, सांगाड्याची दिसत नाही. तुळया, खांबांचे बुंधे आणि घराच्या भिंतीलगतची लेजर तुळई टोचणीने तपासतात. टोचणी सहज रुतली तर तो भाग बदलावा. लेजर केवळ खिळ्यांनी ठोकलेली असल्यास ती बोल्टांनी जखडावी व वर पाणी वळवणारा पत्रा बसवावा, नाहीतर पाणी भिंतीत शिरून घराची तुळईही कुजते. शिकागोत २९ जून २००३ रोजी घरामागचा बहुमजली लाकडी सज्जा कोसळून १३ जण दगावले. दोष गर्दीचा की बांधणीचा, यावर वाद झाला.

पाया : हिवाळ्यात गोठणाऱ्या मातीच्या थराखाली, मिनेसोटात ४२ ते ६० इंच खोल.

कठडा : डेक जमिनीपासून ३० इंचांहून उंच असल्यास अमेरिकेतील नमुना निवासी बांधकाम संहितेनुसार किमान ३६ इंच उंचीचा.

संमिश्र फळ्या : लाकडाचा भुसा व प्लास्टिक यांच्या. रंगरोगण लागत नाही. खालचा सांगाडा बहुधा लाकडाचाच राहतो.