हॉवर्ड घराण्याची प्रतिष्ठा आणि धर्मनिष्ठा

सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या सार्वजनिक जीवनात धर्म व कुल यांचे नाते किती बिकट होते, हे हेन्री हॉवर्डच्या (१५४०–१६१४) चरित्रावरून ध्यानात येते. त्याचा पिता, सरेचा अर्ल, याने कुलचिन्हात राजचिन्ह घेतले. तो राजद्रोह ठरून १५४७ साली त्याचा शिरच्छेद झाला. स्कॉटलंडच्या मेरी राणीशी संधान बांधल्यावरून १५७२ साली थोरला बंधू, नॉरफोकचा ड्यूक, यालाही देहान्त शासन झाले. स्वतः हेन्रीस कॅथलिक पक्षाच्या संशयावरून एलिझाबेथच्या कारकीर्दीत अनेकदा कारावास घडला.

मेरीचा पुत्र पहिला जेम्स याने मात्र १६०४ साली त्यास नॉर्दम्प्टनचा अर्ल केले. आपल्या मातेपायी हानी सोसलेल्या कुलाचा तो सन्मान होता. तथापि त्याचे मोल द्यावे लागले. दारूगोळ्याच्या कटाच्या संदर्भात १६०६ साली जेझुइट हेन्री गार्नेटवर खटला चालला, तेव्हा हॉवर्ड न्यायासनावर बसला आणि राजांना पदच्युत करण्याच्या पोपच्या अधिकाराविरुद्ध बोलला. १६१४ साली देह ठेवला तो मात्र कॅथलिक म्हणूनच.

यास केवळ दांभिकपणा म्हणणे अपुरे होय. कुलाची गेलेली प्रतिष्ठा परत मिळवावयाची, तर राजनिष्ठा चारचौघांत सिद्ध करावी लागे. श्रद्धा अंतःकरणातच जपावी लागे.