मुक्तहस्त, कर्तव्य आणि संकल्प : रेखाकला परीक्षेच्या परिभाषेविषयी

हिंगोली जिल्ह्यातील एका केंद्रावर रेखाकलेच्या प्रात्यक्षिक परीक्षेचे पर्यवेक्षण करण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. परीक्षार्थींत शिक्षक होऊ इच्छिणारे पुष्कळ होते. काहींची दृष्टी आरेखकाच्या सरकारी नोकरीकडे होती. भूमितीचा कागद हाती पडताच मागल्या बाकावरील एका मुलीने उभे राहून विचारले, “सर, कर्तव्यभूमिती म्हणजे नेमकं काय करायचं?” तिच्या गावच्या शाळेत चित्रकलेचा शिक्षक नव्हता. पर्यवेक्षकाने प्रश्नपत्रिकेतील शब्दाचा अर्थ सांगावयाचा नसतो. आयुष्य शब्दांच्या व्युत्पत्तीत घालविलेल्या मनुष्यास हे मौन जड गेले, हे कबूल केले पाहिजे.

या परीक्षेचे मूळ लंडनमध्ये आहे. 1851 च्या महाप्रदर्शनानंतर इंग्लंडातील कारागिरीस वळण लावण्यासाठी हेन्री कोल आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी साउथ केन्सिंग्टनची शिक्षणपद्धती उभी केली. तिच्या 23 पायऱ्या होत्या, आणि आरंभ सरळ रेषा व भूमितीपासून होई. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून मुंबईत 1857 साली सुरू झालेल्या कलाशाळेत हीच पद्धती रुजली. चित्रकार घडविणे हा तिचा हेतू नव्हता. नेमके पाहणारा डोळा आणि आज्ञेत राहणारा हात तिला हवा होता. शिक्षक व आरेखक यांच्याशी रेखाकलेचा संबंध जडला तो या मार्गाने. शासकीय एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा याच परंपरेतील होत. 1965 मध्ये कला संचालनालय स्थापन झाले आणि पुढे या परीक्षा त्याच्याकडे आल्या.

इंग्रजी विषयनामांना मराठी प्रतिशब्द मिळाले ते संस्कृतातून. ‘मुक्तहस्त’ पाहा. मुक्तहस्ताने दान करावे, हा या शब्दाचा भाषेतील जुना संसार. येथे मात्र त्याचा अर्थ पट्टी-कंपासाविना काढलेले चित्र. आणि गंमत अशी की, समोरच्या छापील आकृतीची दोन्ही अंगे तंतोतंत जुळविणारा हा विषय सर्वांत कमी मुक्त होता! ‘संकल्पचित्र’ म्हणजे नक्षीरचना; पण संकल्प घरोघर ठाऊक आहे तो पूजेपूर्वी सोडावयाचा. ‘कर्तव्यभूमिती’त ‘कृ’ धातूचा ‘तव्य’ प्रत्यय आपल्या मूळ अर्थाने, म्हणजे ‘करावयाची’ या अर्थाने, जिवंत आहे. प्रमेय सिद्ध करावयाचे नाही, आकृती रचून दाखवावयाची आहे, एवढेच त्यात सांगितले आहे. परंतु व्यवहारातील मराठीत कर्तव्य म्हणजे धर्म, जबाबदारी. परिभाषाकाराने व्याकरण अचूक सांभाळले, ऐकणारा मात्र विसरला, असे माझे मत आहे.

हिंगोलीपुरता या गोष्टीस आणखी एक पदर आहे. हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. दफ्तराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. गावातील रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही नावे तेथील जुन्या छावणीची साक्ष देतात. त्या व्यवहारात आरेखकास ‘नक्शानवीस’ म्हणत. अरबी ‘नक्श’पासून आलेले ‘नकाशा’ आणि ‘नक्षी’ हे दोन शब्द तर मराठीने केव्हाच घरचे करून घेतले आहेत. तलाठ्यापासून सोनारापर्यंत ते सर्वांना कळतात. ‘संकल्पचित्र’ऐवजी ‘नक्षीचित्र’ म्हटले असते तर काय बिघडले असते? जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून मुंबईच्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या, त्या निजामाच्याच मुलखात. पण त्या कामाने मराठवाड्यातील खेड्यांत चित्रकलेचे वर्ग उघडले नाहीत. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1999 साली परभणीतून हिंगोली जिल्हा निराळा झाला. मुंबई-पुण्याकडे ही परिभाषा वर्गात फळ्यासमोर उलगडून सांगणाऱ्या शिक्षकांच्या पिढ्या होत्या. येथे ती पुष्कळ ठिकाणी छापील कागदावरच प्रथम भेटते.

त्या मुलीने अखेर पंचकोन काढला. बाजू समान दिसत होत्या, रेषा स्वच्छ होती. परंतु कंपास पेटीतच होता. रचनेचा एकही कंस कागदावर नव्हता, आणि या विषयात गुण असतात ते रचनेला. तिने कर्तव्यभूमिती मुक्तहस्ताने सोडविली होती. घंटा झाल्यावर मी तो कागद इतरांबरोबर पाकिटात घालून मोहोर लावली.