जुन्या जीपमधलं इंजिन खरंच ‘ओरिजिनल’ आहे का? नंबर कुठे असतो, काय तपासायचं?

‘१९६८ मॉडेल, ओरिजिनल इंजिन, पेपर ओके.’ जुन्या जीपच्या अशा जाहिराती तुमच्याही फीडमध्ये येत असतील. पण ‘ओरिजिनल’ म्हणजे नेमकं काय? आणि नृसिंहवाडीसारख्या पूर येणाऱ्या गावात गाडी बघायला गेलात, तर ते ओळखायचं कसं?

आधी वरून बघा

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये ‘गो डेव्हिल’ नावाचं चार सिलिंडरचं, सुमारे २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन होतं. त्याचे सगळे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे वरचं हेड सपाट दिसतं.

नंतरच्या सीजे-३बी मध्ये ‘हरिकेन’ आलं. तेही २१९९ सीसीचंच, पण इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले आणि इंजिन उंच झालं. ते बसावं म्हणून बॉनेटच उंच करावं लागलं. महिंद्राने भारतात वर्षानुवर्षं बनवलेली उंच नाकाची जीप ती हीच. म्हणजे बुटक्या बॉनेटच्या जीपमध्ये हरिकेन दिसलं, तर कुणीतरी नंतर बसवलं असण्याची शक्यता आहे.

डिझेल म्हणजे बदललेलंच?

इथे बरेच जण फसतात. डिझेल स्वस्त म्हणून आपल्याकडे असंख्य पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिनं बसवली गेली, हे खरं. पण महिंद्राने पुढे कारखान्यातूनच डिझेल जीप विकल्या. १९८० च्या दशकातल्या एमएम ५४० मध्ये प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन मूळचंच आहे. त्यामुळे आरसीवरचं इंधन, सीसी आणि उत्पादनाचं वर्ष आधी वाचा, मग बॉनेट उघडा.

आरसीवर पेट्रोल आणि समोर प्रत्येक सिलिंडरकडे बारीक लोखंडी नळ्या नेणारा डिझेल पंप? मग पुढे बोलायची गरजच नाही. इंजिन माउंटिंगजवळ नवं वेल्डिंग किंवा चेसिसची आडवी पट्टी कापलेली दिसली, तरी तोच संशय घ्या.

नंबर कुठे असतो?

विलीजच्या गो डेव्हिल आणि हरिकेन दोन्ही इंजिनांवर नंबर ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, वॉटर पंपामागच्या सपाट उंचवट्यावर ठोकलेला असतो. ऑइल आणि धुळीचा थर बसलेला असतो, म्हणून डिझेलचा बोळा सोबत ठेवा. जागा घासून गुळगुळीत केलेली असेल किंवा आकडे वेडेवाकडे असतील, तर सावध व्हा.

एक गंमत म्हणजे चेसिस आणि इंजिनचा नंबर सारखाच हवा, असं अनेक विक्रेते ठासून सांगतात. महायुद्धात फोर्डने बनवलेल्या जीपना (नंबर ‘जीपीडब्ल्यू’ने सुरू होतो) ते लागू होतं. विलीजच्या ‘एमबी’ जीपचे दोन नंबर मात्र कारखान्यातूनच वेगवेगळे असत. तिथे नंबर जुळत असतील, तर उलट तेच संशयास्पद!

वाडीत विचारायचा प्रश्न

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये गाडी कुठे उभी होती, हे विचाराच. कृष्णा-पंचगंगेचं पाणी वाढलं की वाडीत दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानाला गर्दी होते. तेच पाणी आणखी चढलं की गोठे आणि गॅरेजही बुडतात. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मग रिपेअरपेक्षा दुसरं जुनं इंजिन टाकणं सोपं पडतं, आणि आरसीवर नोंद करायची राहून जाते. सीटखाली, डॅशबोर्डमागे वाळलेला गाळ सापडतोय का बघा.

एवढी धडपड कशासाठी?

इंजिन बदललं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. ती नसेल तर ट्रान्सफर अडतं.

शिवाय जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा भाड्याने रस्त्यावर आणता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

टोकन देण्याआधी दोन्ही नंबरांवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि तो छाप मूळ आरसीशी आकडा-आकडा जुळवा. व्हॉट्सॲपवर आलेल्या आरसीच्या फोटोवर भागवू नका.