महासाथीच्या काळात वैद्यकीय विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य

रायपूर – कोविड-१९ च्या महासाथीत वैद्यकीय विद्यार्थ्यांना एकाच वेळी दोन भूमिका निभवाव्या लागल्या. त्यांचे शिक्षण थांबले होते आणि रुग्णालयात मनुष्यबळ म्हणून त्यांची गरज वाढत होती. त्यांच्या मनावर आलेल्या ताणाचे मूळ या विसंगतीत शोधावे लागते.

छत्तीसगडमधील पहिला रुग्ण मार्च २०२० मध्ये रायपूर येथे आढळला. शहरातून जाणाऱ्या जी. ई. रोडच्या पूर्वेकडील टोकाला तलावासाठी प्रसिद्ध असलेला तेलीबांधा परिसर आहे, तर पश्चिमेला टाटीबंध येथे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, अर्थात एम्स आहे. या पहिल्या रुग्णावर एम्समध्येच उपचार करण्यात आले. दुसऱ्या लाटेत, ९ एप्रिल २०२१ च्या सायंकाळपासून, संपूर्ण रायपूर जिल्ह्यात टाळेबंदी लागू झाली. त्याच सुमारास शहरातील डॉ. आंबेडकर रुग्णालयाचे शवागार अपुरे पडल्याची वृत्ते देशभर प्रसिद्ध झाली. हे रुग्णालय पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे, म्हणजेच तेथील विद्यार्थ्यांची ती शिकण्याची जागा आहे.

मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद होऊन विद्यार्थी घरी परतले. रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून घ्यावयाचे धडे संगणकाच्या पडद्यावर आले. १ डिसेंबर २०२० पर्यंत महाविद्यालये पुन्हा सुरू करण्याची सूचना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना केली. मात्र काही महिन्यांतच दुसरी लाट आली.

या लाटेत १८ एप्रिल २०२१ रोजी होणारी पदव्युत्तर प्रवेशाची नीट परीक्षा ऐनवेळी पुढे ढकलण्यात आली. ३ मे रोजी केंद्र सरकारने ती आणखी किमान चार महिने लांबणीवर टाकली. त्याचबरोबर आंतरवासितांना प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कोविड सेवेत घेण्याचा, तसेच अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे दूरध्वनीवरील सल्ला आणि सौम्य रुग्णांची देखरेख सोपविण्याचा निर्णय झाला. शंभर दिवस सेवा करणाऱ्यांना नियमित सरकारी भरतीत प्राधान्य देण्याचेही जाहीर झाले. परीक्षा ११ सप्टेंबरला पार पडली, पण आरक्षणविषयक न्यायालयीन वादामुळे प्रवेशप्रक्रिया जानेवारी २०२२ पर्यंत रखडली. डिसेंबरमध्ये निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले, त्यामागे हेच कारण होते. पुढील तुकडी न आल्याने आहे त्यांच्यावरच कामाचा भार पडत होता. संसर्गाची भीती ठळकपणे दिसत होती. केव्हा संपणार हे ठाऊक नसलेल्या प्रतीक्षेची मात्र फारशी नोंद घेतली गेली नाही.

अशा परिस्थितीत येणारा थकवा, चिडचिड किंवा निद्रानाश म्हणजे प्रत्येक वेळी आजार नव्हे. तथापि उदासीनता, अपराधीपणाची भावना आणि कशातच रस न वाटणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास नैराश्याची शक्यता तपासून घ्यावी लागते. आंतरवासितांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. रुग्ण दगावल्यावर नातेवाइकांसमोर प्रथम उभा राहतो तो बहुधा सर्वांत कनिष्ठ डॉक्टर, आणि उपचाराचा निर्णय मात्र त्याच्या हाती नसतो.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाचा अहवाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठीच्या ऑनलाइन पाहणीत २५ हजार ५९० पदवीपूर्व आणि ५ हजार ३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी भाग घेतला. पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्के जणांनी मानसिक आजाराचे निदान झाल्याचे सांगितले. आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण पदवीपूर्व गटात १६.२ टक्के, तर पदव्युत्तर गटात ३१.२ टक्के होते. पाहणीतील सहभाग ऐच्छिक होता, त्यामुळे हे आकडे सर्व विद्यार्थ्यांना सरसकट लावता येणार नाहीत. ते महासाथीनंतरचे आहेत, हेही लक्षात घ्यावे लागेल. किंबहुना त्यामुळेच हा प्रश्न साथीबरोबर संपला असे म्हणता येत नाही. निवासी डॉक्टरांना आठवड्यातून ७४ तासांपेक्षा अधिक काम देऊ नये आणि एक दिवस सुटी द्यावी, अशी शिफारस कृतिदलाने केली आहे.

मदत घेतल्यास शिक्षकांना कळेल, ही धास्ती विद्यार्थ्यांना उपचारांपासून दूर ठेवते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेशी १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास संपर्क साधता येतो.