झाडलोटीची कुळकथा

रोज घर आवरायची सवय लागायला मनाचा निश्चय हवा, असं आपण धरून चालतो. दिवाळीच्या तोंडावर किंवा नव्या वर्षाला तसे संकल्प होतात आणि पंधरा दिवसांत विरूनही जातात. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या जुन्या घरांकडे पाहिलं, तर मात्र हा समज टिकत नाही. इथल्या खेड्यांत रोजची झाडलोट पिढ्यान्‌पिढ्या घरोघर होत आली. आता एका गावातली सगळी माणसं सारख्या शिस्तीची असणं शक्य नाही. कुणी टापटिपीचं, कुणी गबाळं, कुणी उरकतं, कुणी चालढकल करणारं. स्वभाव इतके वेगळे असूनही सवय एकच होती, म्हणजे तिचं मूळ स्वभावाबाहेर शोधायला हवं. ते मूळ घराच्या बांधणीत, हातातल्या केरसुणीत आणि दिवसाच्या क्रमात होतं, असं माझं म्हणणं आहे. ही तीन खोडं हलली, तशी सवयही हलली.

पहिलं खोड घराचं. पुणे जिल्ह्याचा हा पूर्व भाग कमी पावसाचा, त्यामुळे इथे सपाट छताची मातीची घरं, म्हणजे धाब्याची किंवा माळवदाची घरं, चालून गेली. तुळयांवर लाकडांचा आणि काटक्यांचा थर, त्यावर पाला आणि सगळ्यात वर चोपलेली पांढरी माती. असं छत उन्हाळ्यात घर गार ठेवतं, पण त्यातून माती थोडी थोडी गळत राहते. भिंती मातीच्या आणि जमीनही मातीची. एक दिवस झाडलं नाही, तर दुसऱ्या दिवशी भाकरीत कचकच येणार. केर काढणं हा इथे हौसेचा प्रश्नच नव्हता. त्याला जोड सारवणाची. शेणाचा काला करून, पोतेरं किंवा नुसता तळवा जमिनीवरून अर्धगोल फिरवत, सारवलेल्यावर पाय पडू नये म्हणून मागे मागे सरकत घर सारवायचं. चुलीला पोतेरं रोज, अंगणात सडा रोज आणि घराची जमीन ठरावीक दिवसांनी. त्याआधी जमिनीवरची एकूण एक वस्तू उचलावी लागते, आणि आवराआवरीचं मर्म इथेच आहे. वस्तू उचलायची तर ती ठेवायला जागा हवी. ती जागा घर बांधतानाच केलेली असायची: भिंतीत कोनाडा, तुळईला टांगलेलं शिंकं, कपड्यांना खुंटी आणि वलण, मडक्यांना उतरंड. अंथरुणाची वळकटी सकाळी भिंतीकडेला गेली, की निजायची जागा दिवसभर वावरायला मोकळी.

दुसरं खोड केरसुणीचं. ओढ्याकाठच्या शिंदीची पानं तोडून वाळवायची, मुठीकडे घट्ट आवळून बांधायची आणि पुढचा भाग चिरत चिरत इतका बारीक करायचा, की सारवलेली जमीन न उकरता धूळ तेवढी गोळा व्हावी. हे कसब मांग समाजाकडे होतं. दोर, कासरे आणि शिंकी करणारे हेच हात केरसुण्याही वळत, आणि बलुत्याच्या रीतीने खळ्यावरच्या धान्याच्या बदल्यात त्या घरोघर पोचत. झिजलेल्या केरसुणीच्या जागी नवी येण्याची सोय गावाच्या व्यवहारातच होती. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहायचं आणि लक्ष्मी म्हणून तिला पाय लागू द्यायचा नाही, ही रीत अजून पाळली जाते. यावर कुणी म्हणेल, सवय टिकली ती या श्रद्धेमुळेच. श्रद्धेने बळ दिलं, हे खरं. पण लक्ष्मीपूजन वर्षातून एकदा येतं आणि केर रोज पडतो. रोजचं काम रोजच्या गरजेने चालत होतं. पूजेने त्याला मान दिला.

तिसरं खोड वेळेचं. पहाटेचं दळण, सडा, झाडलोट, चूल पेटवणं, धारा आणि मग रानाची वाट, अशी ती साखळी होती. आधीचं काम संपलं की पुढचं आपोआप हाती यायचं. आता आवरू की मग, असा विचार करायला फटच नव्हती. संध्याकाळी दिवेलागणीच्या आत आणखी एक हात फिरायचा. अशी वेळ ठरलेली नसेल, तर नुसत्या निमित्ताने काय होतं, तेही याच भागात दिसतं. तुकोबांची पालखी दर आषाढी वारीला बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने जाते. त्या दिवसांत रस्ते आणि अंगणं झाडून घेतली जातात, दारांपुढे रांगोळ्या निघतात. तो उत्साह मनापासूनचा असतो, पण पालखी पुढे गेल्यावर तो रोजच्या कामाला पुरत नाही. निमित्ताने साफसफाई होते, सवय लागत नाही.

या मांडणीवर सगळ्यात जड आक्षेप वेगळाच आहे. ज्या व्यवस्थेचं हे कौतुक चाललंय, ती बाईच्या कंबरेवर आणि मांगाच्या हलक्या लेखलेल्या श्रमावर उभी होती. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करते. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईच्या अभंगांत खुद्द विठ्ठल तिच्या बरोबरीने केर भरतो. घरकामाचा भार किती होता आणि त्यात वाटेकरी मिळावा ही आस किती खोल होती, हे त्यातून कळतं. पुढे गाडगेबाबांनी (1876-1956) खराटा स्वतःच्या हाती घेतला. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं, या त्यांच्या क्रमाने हे काम हलकं नाही आणि ते बाईचं किंवा एका जातीचंही नाही, हे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ठेवलं. जुनी व्यवस्था अन्यायाची होती म्हणून तिच्यातली जागा, हत्यार आणि वेळेची युक्ती टाकून द्यायचं कारण नाही. अन्याय वाटणीत होता, आणि वाटणी बदलता येते.

ही खोडं हलली ती पाण्यापासून. 1880 च्या दशकात नीरा डावा कालवा या भागात आला, मागोमाग ऊस आला. 1930 च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभं राहिलं, स्वातंत्र्यानंतर सहकारी साखर कारखाने निघाले. हाती पैसा खेळू लागला तशी शहाबादी फरशी आणि सिमेंट घरात शिरलं. 1980 मध्ये उजनी धरण पुरं झालं. पळसदेवसारखी गावं मूळ जागेवरून उठली आणि नव्या गावठाणात घरं नव्याने बांधावी लागली. स्लॅबमधून माती गळत नाही, फरशीला सारवण लागत नाही. बाईचे कष्ट यामुळे कमी झाले, ही फार मोलाची गोष्ट. पण सारवणाबरोबर जमीन मोकळी करण्याची सक्तीही गेली, आणि त्याच काळात घरात वस्तू मात्र कितीतरी वाढल्या. कोनाडे बुजले, त्यांच्या बदल्यात जागा ठरल्या नाहीत. म्हणून आज चित्र असं दिसतं, की केर रोज निघतो, पण पसाऱ्याच्या कडेकडेने. केरसुणीच्या जागी आता आलेला फुलझाडू ईशान्य भारतातल्या गवताचा असतो आणि दुकानातून येतो. झाडणं तगलं, आवरणं सुटलं.

आजच्या घराला वेळ कुठे आहे, असं विचारलं जाईल. एमआयडीसीतली पाळी, शाळेची गाडी, दुधाची वेळ यांत पहाटेची जुनी साखळी बसणार नाही, हे उघड आहे. पण साखळी पहाटेचीच हवी असं नाही. ती कशाला तरी जोडलेली हवी. जेवणाची ताटं उचलली की त्याच दमात जमिनीवर आणि टेबलावर राहिलेलं सगळं उचलायचं, एवढी जोड पुरते. उचललेली वस्तू कुठे जाणार, हे आधी ठरलेलं हवं. जिला जागा नाही, तिच्यासाठी जागा करायची नाहीतर ती घरातून काढायची. आणि हे काम घरात जेवणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला यायला हवं, पुरुषांच्या आणि मुलांच्याही. जुन्या घरांनी सवय उभी केली ती माणसाच्या निश्चयावर भार न टाकता. तेवढं त्यांच्याकडून घेतलं आणि वाटणी नव्याने केली, तर संकल्प करण्याची गरज पडणार नाही.